मधुमेहाचा रोजचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची सवय नाही. परंतु मला मधुमेह आहे हे कळून यंदा नऊ वर्षे झाली, आणि या नऊ वर्षांत हा पाहुणा घरात ठेवून संसार कसा करावा, हे मला थोडेफार कळले आहे. तेवढेच आज सांगणार आहे. औषध कोणते घ्यावे हे डॉक्टर सांगतील. मी बोलणार आहे ते घरात काय करायचे याविषयी.

आधी एक साधे गणित मांडते. दर तीन महिन्यांनी आपण डॉक्टरांकडे जातो. तिथे फार तर पंधरा मिनिटे मिळतात, म्हणजे वर्षाचा एक तास झाला. वर्षाचे एकूण तास ८,७६०. त्यातला एक तास डॉक्टरांचा आणि उरलेले ८,७५९ तास आपले. तापाला गोळी घेतली की ताप उतरतो, हाड मोडले तर डॉक्टर बसवतात. मधुमेहाचे तसे नाही. त्यात रोज काय खायचे, कधी खायचे, किती चालायचे, गोळी आठवणीने घ्यायची, पायाला जखम झाली का पाहायचे, हे सारे रुग्णानेच करायचे असते. डॉक्टर वाट दाखवतात, चालायचे आपल्यालाच.

आणि हा आजार आता कुणा एकीदुसरीचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक लोक असल्याचे निघाले. या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकींना तो असेल, आणि काहींना असूनही ठाऊक नसेल. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनी ‘मला कशाला होतो’ असे म्हणू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवून दिले आहे, की आपल्याकडची माणसे दिसायला बारीक असली तरी अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, आणि हे जन्मलेल्या बाळापासूनच दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. मधुमेहाच्या दृष्टीने आपल्या बायकांची सर्वांत घातक सवय कोणती, असे मला कुणी विचारले तर मी गोड खाणे म्हणणार नाही. मी म्हणेन, सर्वांच्या मागून जेवणे.

आपल्याला लहानपणापासून तेच वळण. आधी पुरुषमंडळी, मग मुले, मग म्हातारी माणसे, आणि सगळ्यांची पाने उचलून झाली की आपण. कार्य असेल तर दुपारचे तीन वाजतात. धडधाकट बाईला ते खपून जाते. पण जिने सकाळी साखर उतरवण्याची गोळी घेतली आहे किंवा इन्सुलिन टोचले आहे, तिचे काय? गोळी काही घरात पाहुणे आले म्हणून थांबत नाही. ती आपले काम करते, रक्तातली साखर उतरवत राहते, आणि पोटात अन्न नसेल तर साखर धोक्याच्या खाली जाते.

आमच्याच शेजारी दोन वर्षांपूर्वी सत्यनारायणाची पूजा होती. यजमानीणबाई मधुमेहाच्या. सकाळी गोळी घेऊन एक कप चहावर होत्या. दुपारी दोनच्या सुमारास पंगत वाढता वाढता त्यांचे हात कापू लागले, कपाळावर घामाचे थेंब आले, आणि त्या भलतेच काहीतरी बोलू लागल्या. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले अंगात आले, कुणी म्हणाले दमल्या, जरा पडू द्या. मी त्यांना खाली बसवले आणि अर्ध्या वाटी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत बाई ताळ्यावर आल्या आणि म्हणाल्या, “वाढायचं राहिलंय अजून!” त्यांना निजू दिले असते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

म्हणून ही खूणगाठ प्रत्येकीने बांधून ठेवावी. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे, ही साखर खाली गेल्याची लक्षणे. मोजण्याचे यंत्र जवळ असेल तर पाहावे, ७० च्या खाली आकडा आला तर साखर कमी झाली असे समजावे. यंत्र नसेल तर शोधत बसू नये, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यातून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. मग पोळी, भाकरी, बिस्किट असे काहीतरी खावे. अशा वेळी चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून तडक दवाखान्यात न्यावे.

सगळ्याच गोळ्यांनी साखर अशी खाली जाते असे नाही. मेटफॉर्मिन नावाची पुष्कळांना दिली जाणारी गोळी एकटी घेतली तर सहसा तसे होत नाही. इन्सुलिनने आणि दुसऱ्या काही गोळ्यांनी होते. तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल त्या वेळी एवढा एक प्रश्न अवश्य विचारा: “माझ्या औषधाने साखर फार खाली जाते का?” उत्तर ‘होय’ असेल तर आपली जेवणाची वेळ घड्याळाप्रमाणे पाळायची, आणि पर्समध्ये साखरेची पुडी कायम ठेवायची.

उपवासाचेही तसेच. मी देवधर्म सोडा म्हणत नाही. परंतु आपला उपवास म्हणजे सकाळी काही नाही, आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचा गोड काप. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आधी साखर खाली जाते आणि खिचडी खाल्ली की एकदम वर चढते. वरईचा भातही शेवटी भातच. ज्यांना उपवास करायचाच असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी, आणि फराळाला दाण्याची आमटी, ताक, दही, काकडीची कोशिंबीर, थोडी राजगिऱ्याची भाकरी असे ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये. देवाला आपली भक्ती पोचते, आपली चक्कर त्याला नको असते.

आता रोजच्या ताटाविषयी. मधुमेह झाला म्हणजे वेगळा स्वयंपाक करावा लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे काही लागत नाही. घरात शिजते तेच खायचे, फक्त ताटातल्या जागा बदलायच्या. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे. पाव ताट वरण, उसळ, पिठले, अंडे किंवा मासळी यांचे. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. आपल्याकडे नेमके उलटे असते, मधोमध भाताची मूद, बाजूला पोळ्यांची चवड, आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली खरी, पण ‘भाकरीने काही होत नाही’ म्हणून तीन खाल्ल्या तर साखर वाढायचीच.

गुळाचा आणि मधाचा प्रश्न मला नेहमी विचारतात. साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. भगिनींनो, गूळ काय, मध काय, रक्तात गेल्यावर साखरच. चहाचा हिशेब मांडून पाहा. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजचे ४० ग्रॅम. महिन्याला १,२०० ग्रॅम, म्हणजे किलोच्या वर साखर एकटीच्या पोटात, तीही नुसत्या चहातून! पहिल्या आठवड्यात दीड चमचा करावी, मग एक, मग अर्धा. जिभेला सवय लागते.

फळ खावे, पण चावून खावे. रस काढून पिऊ नये. आंबा वर्ज्य नाही, मात्र आमरसाची वाटी आणि आंब्याची एक फोड यांत फरक आहे. कारले, मेथी जरूर खावी, भाज्या म्हणून त्या उत्तमच. पण कडू खाल्ले की गोड उतरते, या समजुतीने गोळी बंद करू नये. कारल्याचा रस पिऊन इन्सुलिन सोडणे हे जिवाशी खेळणे आहे.

व्यायामाचे म्हणाल तर ‘दिवसभर घरकाम करते, तेवढा व्यायाम पुरे’ असे आपण म्हणतो. घरकामाने अंग दमते हे खरे, पण त्यात पाच मिनिटे उभे, दहा मिनिटे बसणे असेच चालते. सलग चालण्याचा गुण वेगळा आहे. आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा तास, जरा दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने चालावे. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणाने चढणारी साखर बरीच आवरते. मी रात्री मागचे आवरून झाले की गल्लीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या घालते. पहिले काही दिवस लोक पाहत होते. आता शेजारच्या दोघी बरोबर येतात.

आता साखर मोजण्याविषयी. आज बोटाला टाचणी लावून घरच्या घरी साखर मोजता येते, त्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण ही सोय एका रुग्णाच्या हट्टाची आठवण देते. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनियर होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता. १९६९ च्या सुमारास त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. यंत्र सव्वा-दीड किलो वजनाचे, किंमत ६५० डॉलर, आणि ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकत असत, रुग्णाला नाही. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावाने त्यांनी ते मागवले आणि दिवसातून अनेक वेळा साखर मोजून, काय खाल्ले की किती वाढते, किती इन्सुलिनने किती उतरते, याचा हिशेब ठेवू लागले. प्रकृती सुधारली. त्यांनी हे लिहून पाठवले, तर वैद्यकीय मासिकांनी छापले नाही. तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या वयात ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. आपल्याला एवढे करायला नको. पण स्वतःच्या शरीराचा हिशेब स्वतः ठेवला तर केवढा फायदा होतो, हे त्यातून घ्यावे.

दूधवाल्याची वही आपण ठेवतो. एक दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापतो. मग आपल्या साखरेची वही का नको? माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतर दोन तासांचा आकडा, आणि त्या दिवशी काय वेगळे घडले. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी असे सांगतात. म्हाताऱ्या माणसांचे आणि गरोदर बाईचे आकडे वेगळे असतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. चौथा रकाना सर्वांत कामाचा. “भाचीचे केळवण, दोन जिलब्या, २३०.” “रात्री जागरण, सकाळी १६०.” अशी दोन महिन्यांची वही वाचली की आपले आपल्यालाच कळते की कशाने काय होते. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गुळाचे बोट तसेच टोचले तर आकडा खोटा येतो. रोज अनेक वेळा मोजण्याची पट्टी परवडत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, निरनिराळ्या वेळी मोजावे. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी किती वेळा मोजायचे ते डॉक्टरांनाच विचारावे.

दर तीन महिन्यांनी जी एचबीएवनसी नावाची तपासणी सांगतात, ती कशासाठी हेही ऐका. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जास्त असेल तर ती त्या पेशींना चिकटते. त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी कडक पथ्य केले तरी ती फसत नाही. बहुतेकांना ती सातच्या आत ठेवायला सांगतात.

इन्सुलिनला पुष्कळजणी घाबरतात. ‘एकदा सुई लागली म्हणजे संपले’ असे म्हणतात. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून मरण थोडे लांबवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. ज्या औषधाने मरणाऱ्या मुलांना जगवले त्याला शेवटचे औषध कसे म्हणावे? सुया आता केसासारख्या बारीक आहेत. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपल्याकडच्या बाटल्या पुष्कळदा ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाली तर मात्रा चुकते, म्हणून दुकानातच बाटलीवरचा आकडा वाचून घ्यावा. आणि बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. शीतकपाट नसेल तर ओल्या वाळूच्या मातीच्या भांड्यात, डबीत घालून, सावलीत ठेवावी. ताप आला, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. आजारपणात साखर उलट वाढते.

आता पायांकडे या. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाची संवेदना बोथट होते. काटा रुतला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. रोज रात्री दिव्याखाली बसून तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे. जोडवी घट्ट झाली असतील तर सैल करून घ्यावीत, त्यांच्याखाली जखम लपते. कुरूप ब्लेडने कापू नये. शेकायला गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये, पायात मोजे असावेत. घरातही सपाता घालाव्यात. त्याचबरोबर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने, दात आणि रक्तदाब यांची तपासणी करावी. डोळे आणि मूत्रपिंड बिघडू लागतात तेव्हा प्रथम काहीच दुखत नाही, म्हणूनच तपासायचे.

घरातल्या मंडळींविषयीही थोडे बोलले पाहिजे. मधुमेहाच्या माणसावर पहारा ठेवू नये. ‘किती खाल्लेस?’, ‘पुन्हा भात घेतलास?’ असे सारखे म्हटले की माणूस चोरून खाऊ लागतो. आमच्या घरी मी एकच गोष्ट मागून घेतली. माझी जेवणाची वेळ झाली की मी बसणार, वाढायचे ज्याने त्याने. पहिल्यांदा सासूबाईंना ते पटले नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. आता एक वाजला की त्याच हाक मारतात, “सूनबाई, तुझं पान घे आधी.” आमच्या घरात या वाक्याला औषधाच्या गोळीइतकीच किंमत आहे.

मुलींविषयीही एक सांगते. मुलगी गरोदर असेल तर तिची साखर तपासून घ्या. गरोदरपणात चढलेली साखर बाळंतपणानंतर पुष्कळदा उतरते, पण पुढे मधुमेह होण्याचा संभव राहतो. म्हणून बाळ मोठे झाले तरी तिने मधूनमधून तपासणी करावी. आणि कुणी हे लपवू नये. लग्न जमायचे आहे म्हणून आईने मुलीची सुई कपाटात दडवून ठेवावी, यात मुलीचा जीव जातो.

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाच्या जोडीला भाजलेले चणे किंवा दाणे ठेवावेत, आणि एखादीने लाडू नको म्हटले तर ‘एवढ्याने काय होतंय’ असा आग्रह कुणी करू नये, कारणही विचारू नये. दुसरी, मंडळाच्या कपाटात साखर मोजण्याचे एक यंत्र आणि साखरेचा एक डबा असावा, आणि लक्षणांचा कागद भिंतीवर लावावा. सुई प्रत्येकीला नवी वापरावी, एकीची दुसरीला कधीही नाही. तिसरी, दर वर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी डॉ. बँटिंग यांच्या जन्मदिवशी, जगभर मधुमेह दिन पाळतात. त्या दिवशी आपल्या मंडळात सर्वांची तपासणी व्हावी. ज्यांना वही लिहिता येत नाही त्यांची वही लिहून देण्यास मी दर बुधवारी दुपारी मंडळात बसेन.

आज कार्यक्रमानंतर आपले फराळाचे आहे. ज्यांना औषध घेऊन वेळ झाली असेल त्यांनी पंगतीची वाट पाहू नये, सरळ आत जाऊन पान मांडून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. वाढायला आम्ही आहोत.